एवढ्याशा ब्रिटनने जगभरची सत्ता इतकी वर्षं टिकवली कशी?
मुख्य भर आरमारावर. 1889च्या आरमारविषयक कायद्याच्या वेळी ठरलं की ब्रिटिश आरमार त्याच्या खालोखालच्या दोन मोठ्या आरमारांच्या बेरजेइतकं तरी हवंच. जोडीला मोक्याची नाकी: जिब्राल्टर, माल्टा, एडन, सिंगापूर. जहाजांना कोळसा तिथेच मिळे. (एडन 1839 साली मुंबईहून गेलेल्या फौजेने घेतलं, आणि पुढे कितीतरी वर्षं कारभारही मुंबई इलाक्यातूनच चाले.) युरोपात कुणी डोईजड झाला की त्याच्या विरोधकांना साथ द्यायची, मग तो नेपोलियन असो की जर्मन सम्राट कैसर.

माझ्या मते खरी हुशारी 1902 पासून दिसते. जर्मनी धडाधड युद्धनौका बांधत होता. तेव्हा आधी जपानशी करार, मग 1904 मध्ये फ्रान्सशी आणि 1907 मध्ये रशियाशी समेट. जुनी वैरं गुंडाळली, आणि आरमाराची ताकद घराजवळ आणता आली.