कोइम्बतूर ते कोल्हापूर जुनी फियाट चालवत आणू का? वहिनींचं ऐका

आधी प्रश्न सांगतो. कोल्हापूरचे एक वाचक आहेत, वय ४७, साखर कारखान्यात अकाउंट्सला. त्यांनी कोइम्बतूरला १९६८ ची फियाट ११०० डिलाइट घेतली, ३ लाख ६० हजारांना, पैसे देऊन झालेत आणि गाडी अजून जुन्या मालकाच्या शेडमध्येच उभी आहे. कार कॅरियरवाला २६ हजार मागतोय. ते लिहितात, "सर, पेट्रोल ९ हजारांचं लागेल, म्हणजे १७ हजार सरळ वाचतात, मेहुणा सोबत यायला तयार आहे, चालवत आणू का? आणि मिसेस म्हणतायत ट्रकने आणणार असाल तरच माझ्याशी बोला." पैसे इमर्जन्सी फंडातून गेलेत. फंडात ४ लाख ७० हजार होते, आता १ लाख १० हजार उरलेत. होमलोनचा हप्ता धरून महिन्याचा खर्च ४८ हजार, आणि मुलीची जूनमध्ये अकरावी.

नमस्कार दादा. पहिलं म्हणजे अभिनंदन, गाडी झकास आहे. कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात बनलेली गाडी ५०-५५ वर्षं तमिळनाडूत फिरून परत महाराष्ट्रात येतेय, याचा आनंद मलाही आहे, आमच्या मामांकडे हीच होती (त्याच्या आधीची गोलमटोल ती डुक्कर फियाट, ती वेगळी). त्यामुळे मी काय गाडीच्या विरोधात नाहीये. पण तुमचा १७ हजारांचा हिशोब चुकलाय, आणि अकाउंट्सच्या माणसाने असा हिशोब केला म्हणजे डोकं नाही, मन हिशोब करत होतं 😀

बघा. अंतर साधारण ९७० किलोमीटर. ॲव्हरेज ११ चा धरला तर ८८ लिटर, १०३ रुपयांनी ९ हजार, इथवर तुमचं बरोबर. पण तुम्ही दोघं कोइम्बतूरला जाणार कसे? तिकिटं दोघांची ३ हजार धरा. ही गाडी ६०-६५ च्या वर आरामात चालवायची नाही, आणि डायनॅमोवाली (बॅटरी चार्ज करणारा जुन्या पद्धतीचा जनरेटर) आहे, रात्री लाइट लावून हळू चाललात तर बॅटरी चार्ज व्हायच्याऐवजी उतरत जाते, म्हणजे फक्त दिवसाच चालवायची, म्हणजे दोन मुक्काम. राहणं-खाणं दोघांचं ६ हजार, टोल २ हजार. झाले २० हजार. म्हणजे वाचतात ६ हजार. तेही वाटेत काहीच झालं नाही तर, आणि तुमच्या तीन दिवसांच्या रजेची किंमत शून्य धरली तर.

मग प्रश्न असा होतो की ६ हजारांसाठी तुम्ही कुठली रिस्क घेताय.

यातली ब्रेकडाऊनची रिस्क लहान आहे, मोठी दुसरीच आहे. तुम्ही लिहिलंय "इन्शुरन्स आहे बहुतेक, मालक बघून सांगतो म्हणाले." दादा, या एका "बहुतेक" साठी मी रात्री अकरा वाजता हे टाइप करतोय. गाडी दोन वर्षं शेडमध्ये उभी असेल तर पॉलिसी संपलेली असण्याचीच शक्यता जास्त. आणि चालू असली तर थर्ड पार्टीचा भाग कायद्याने नव्या मालकाकडे येतो, पण तुम्ही १४ दिवसांत कंपनीला कळवून नाव बदलून घ्यायचं असतं, आणि स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा जो भाग असतो तो असा आपोआप येत नाही. विनाइन्शुरन्स पकडलं तर पहिल्यांदा २ हजार दंड, तो सोडा, तो काहीच नाही. चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेली गाडी, तुमचा हात बसलेला नाही, गिअर स्टिअरिंगजवळ, आणि तुमकूर बायपासला एखादा टू-व्हीलरवाला समोर आला तर? नुकसानभरपाई ट्रिब्युनल ठरवतं, गेलेल्या माणसाचं वय आणि कमाई बघून, आणि पॉलिसी नसेल तर ती रक्कम तुमच्या पगारातून, घरातून वसूल होते. तिला वरची मर्यादा नाही. आणि हे सगळं टाळणारी थर्ड पार्टी पॉलिसी १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीला वर्षाला ३,४१६ रुपये आणि वर जीएसटी, तुमची १०८९ सीसी म्हणजे यातच येते. गाडी ट्रकने आणा नाहीतर खांद्यावर उचलून आणा, ही पॉलिसी आधी.

दुसरं आरसी. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं, मग दर ५ वर्षांनी रिन्यू. आरसीवरची व्हॅलिडिटीची तारीख उलटली असेल तर गाडी रस्त्यावर आणताच येत नाही, मग तुमचा प्रश्नच मिटला, ट्रक. रिन्यूअलची फी २० वर्षांवरच्या कारला आता १० हजार केलीय, पूर्वी ५ होती. शिवाय ही जुनी तीन अक्षरं-चार आकडेवाली नंबर प्लेट, जुनं पुस्तक-आरसी, अशा बऱ्याच गाड्या सरकारच्या 'वाहन' नावाच्या ऑनलाइन सिस्टिममध्ये चढलेल्याच नसतात, बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते, ती तिकडच्याच आरटीओत. ती नसेल तर फास्टॅगही निघायला त्रास, एनओसीही (गाडी दुसऱ्या राज्यात न्यायला आरटीओचं ना-हरकत पत्र) अडकते. म्हणजे गाडी इकडे आणून कागदासाठी परत कोइम्बतूरला चकरा. आधी कागद, मग गाडी. फॉर्म २८ ची एनओसी, मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर मालकाच्या सह्या, चेसिस नंबर घासून घेतलेला कागद, हे हातात पडल्याशिवाय गाडी हलवू नका. इकडे आल्यावर महाराष्ट्राचा टॅक्स आणि ग्रीन टॅक्स किती बसेल ते कोल्हापूर आरटीओत जाऊन एका कागदावर आकडा लिहून आणा, एजंटच्या तोंडी आकड्यावर बजेट करू नका.

तुमचा मित्र म्हणतोय विंटेज नंबर घे. ५० वर्षं झालेल्या, मूळ स्वरूपात ठेवलेल्या गाडीला २०२१ च्या नियमांनी ते मिळतं, नव्याने नोंदलेल्या गाडीच्या नंबरात व्हीए येतं, आधीच नोंद असलेल्या गाडीचा जुना नंबर तसाच राहतो, पहिली फी २० हजार, १० वर्षं चालतं, पुढे रिन्यूअल ५ हजार. थर्ड पार्टी प्रीमियमही निम्मा होतो. पण अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच. तुम्हाला रविवारी पन्हाळ्याला जायचंय ना पोरीला घेऊन? मग साधं रजिस्ट्रेशन जिवंत असेल तर तेच सांभाळा. वर्षाला सतराशे रुपये प्रीमियम वाचवायला २० हजार भरून गाडी शोकेसमध्ये ठेवण्यात काय अर्थ आहे.

आता ब्रेकडाऊन. २००९ ला मामांची फियाट मी नाशिकहून साताऱ्याला आणत होतो, तेव्हा मीही ट्रकचे पैसे वाचवले होते. गाडी निघायच्या आधी एका गॅरेजवाल्याने "एकदम ओके साहेब" करून दिलेली. संगमनेर सोडल्यावर चंदनापुरीच्या घाटात ब्रेक दाबला तर पेडल मऊ लागलं, दुसऱ्यांदा दाबला तर खाली फ्लोअरला टेकलं. गिअर खाली टाकून, हँडब्रेक ओढून, कडेच्या मातीत गाडी घालून थांबलो तेव्हा मामांनी फक्त "हं" केलं. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूने टायरवर तेल ओघळलेलं, व्हील सिलिंडरच्या आत बोटाच्या पेराएवढं रबर असतं ते फुगून फाटलेलं. ते रबर तेव्हा काही रुपयांना मिळायचं. पण संगमनेरला मिळालं नाही, माणूस पुण्याला पाठवला, दोन रात्री लॉज, टोइंग, मेकॅनिक, सगळे मिळून १४ हजार. वाचवले होते ५.

उभ्या गाडीचं हेच असतं, इंजिन ठणठणीत आणि रबर मेलेलं. ब्रेकचे होज, पेट्रोल पंपाचा डायफ्राम, रेडिएटरचे पाइप, फॅन बेल्ट. त्यात आता पंपावर ई-२० (२० टक्के इथेनॉलचं) पेट्रोल, १९६८ चं रबर त्या इथेनॉलसाठी बनलेलंच नाही, आणि टाकीत तळाला बसलेला गंज सुटला की कार्ब्युरेटरचा जेट चोक. मेच्या उन्हात सेलम सोडून धर्मपुरीकडे तोप्पूरचा चढ लागतो, तिथे ट्रकच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगताना पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडणार, मग ओलं फडकं पंपावर ठेवून बसा दोघं मेहुणे-मेहुणे. (सत्यमंगलमकडून म्हैसूरमार्गे या असं कोणी सुचवलं तर अजिबात नको, दिंबम घाटाला २७ हेअरपिन आहेत.) नॅशनल हायवेवर १०३३ ला फोन केला तर मदत येते, क्रेनही येते, पण ती तुम्हाला जवळच्या ठिकाणापर्यंत नेऊन सोडेल, कोल्हापूरला नाही आणणार.

हे रबरी सामान, चार-पाच टायर, बॅटरी, ब्रेकचं काम, माझ्या अंदाजाने ३५-४० हजार. हा खर्च टळत नाही, चालवत आणा किंवा ट्रकने आणा. फरक एवढाच की तो चित्रदुर्गच्या हायवेवर अनोळखी माणसाच्या भावाने करायचा की उद्यमनगरात तुमच्या ओळखीच्या लेथवाल्याकडे सवडीने, दोन-तीन पगारांत वाटून. कोल्हापूरच्या माणसाला हे सांगायला लागू नये, तुमच्या गावात बुश काय, अख्खा सिलिंडर करून देतील. आत्ता तुमचा फंड १ लाख १० हजार, म्हणजे सव्वादोन महिन्यांचा खर्च. त्यातून एकदम ४० गेले तर दीड महिना उरतो, आणि जूनमध्ये क्लासवाला पहिला हप्ता मागणार. म्हणून घाई नको.

ट्रकने आणतानाही एक गोष्ट बघा, ही फार कमी लोकांना माहीत असते. माल वाहून नेणाऱ्याची जबाबदारी कायद्याने साधारणपणे भाड्याच्या दहा पटीपर्यंतच असते, तुम्ही जास्त किंमत आधी डिक्लेअर करून त्याचा जादा रेट दिला नसेल तर. भाडं २६ हजार म्हणजे २ लाख ६०, गाडी ३ लाख ६० ची. मधला लाख तुमच्या खिशातला. तेव्हा बिल्टीवर (ट्रान्सपोर्टवाला देतो ती मालाची पावती) पूर्ण किंमत लिहून घ्या किंवा वेगळा ट्रान्झिट इन्शुरन्स काढा, आणि गाडी चढवताना चारही बाजूंचे फोटो, क्रोम पट्ट्यांचे जवळून, मालकाला काढायला सांगा. हो, स्टेपनी, जॅक, हबकॅप यांची यादी बिल्टीवर. हबकॅप प्रवासात "पडतात".

तुम्ही असंही लिहिलंय की "ही एक प्रकारे इन्व्हेस्टमेंटच आहे, किंमत वाढतेय." नाही दादा. वापरायची गाडी विकून फायदा झाला तर वैयक्तिक वापराची वस्तू म्हणून सहसा कॅपिटल गेन लागत नाही, हे खरं, पण शेड, पॉलिसी, टायर, रिन्यूअल हे सगळं दरवर्षी जातच राहणार आणि विकायच्या दिवशी गिऱ्हाईक मिळेलच असं नाही. मौजेचा खर्च म्हणा आणि मोकळे व्हा, मौज करायला माझी ना नाही. फक्त ती इमर्जन्सी फंडातून झाली, आणि ही गोष्ट वहिनींनी तुमच्या आधी ओळखली. मागचं उकरत नाही. पण पुढच्या दिवाळीच्या बोनसपर्यंत महिन्याला १२ हजार आधी लिक्विड फंडात, मग गाडीवर. क्रोम, सीट कव्हर, रंग, सगळं त्यानंतर.

आणि चालवत घरी आणायची हौस असेल, ती मला कळते, तर एक करा. कॅरियर बहुतेक पुणे-मुंबईकडेच जाणारा असतो, त्याला सांगा तवंदी घाट उतरल्यावर निपाणीला गाडी उतरवून दे. आधी त्याला विचारा उतरवायला रॅम्प आहे का. उद्यमनगरचा मेकॅनिक सोबत न्या, ब्रेक ब्लीड करा (म्हणजे ब्रेकच्या पाइपातली हवा काढा), मेहुण्याची गाडी मागे ठेवा, सकाळी सहाला निघा. चाळीसेक किलोमीटर आहे. पॉलिसी आणि आरसी नीट असेल तरच, नाहीतर थेट दारात ट्रक.

आज एवढं करा, मालकाला फोन लावून पॉलिसीचा आणि आरसीच्या व्हॅलिडिटीच्या पानाचा फोटो मागवा, आणि टायरच्या बाजूवर शेवटी एक चार आकडी नंबर असतो त्याचाही. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१४ वगैरे आलं तर मला परत विचारूही नका चालवू का म्हणून.