बंबासाठी वर्गणी

प्रश्न: आमच्या मंडळानं सांगलीत लिलावात जुना आगीचा बंब घेतलाय, पितळी घंटा शाबूत पण पंप जाम, दुरुस्तीला वर्गणी काढली तर चालेल का?

उत्तर: चालेल की, पण पावतीपुस्तक छापायच्या आधी धर्मादाय आयुक्तांकडं कलम ४१क खाली परवानगीचं बघा, गणपतीला घेता तशीच. मोठे देणगीदार ८०जी, म्हणजे देणगीवरची आयकर सवलत, विचारणार, ती मंडळाच्या ट्रस्टला त्याची मान्यता असेल तरच, आणि २००० च्या वर कॅश दिली तर सवलत नाही म्हणून चेकच घ्या. १४ एप्रिलला अग्निशमन दिन असतो, १९४४ ला मुंबई गोदीत स्फोट झाला त्याची आठवण, त्या दिवशी बंब चौकात लावा, फक्त जयंतीची मिरवणूक असते तर सकाळीच उरका. आणि रंगावर आत्ता रुपया घालू नका हो, आधी पंप!