मुंबईहून कर्जतला दोन दिवसांच्या गोधडी-क्विल्टिंग शिबिराला जावं का? फी एवढी का असते?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, "आजी घरी फुकट शिवायची, मग यांना पैसे कशाला?" नेमकं हेच वाक्य दर गणपतीत नणंदबाईंकडून ऐकते, म्हणून लिहायला बसले. मी आणि माझी डोंबिवलीची मैत्रीण अशी शिबिरं घेतो.

फुकट कोण शिवायचं? आमच्या सासरी जुनी लुगडी साठली की गोधड्या शिवणारी बाई बोलवायचे. तिला पैसे मिळायचे, वर धान्य. हे नणंदबाईंनीही पाहिलंय.

मागच्या हिवाळ्यात त्या स्वतः शिबिराला आल्या होत्या. कर्जतच्या पुढे बंगला घेतला होता, मालक म्हणाला लाइटची सगळी सोय आहे. शनिवारी सकाळी मशीन सुरू झाल्या, इस्त्र्या लागल्या आणि मेन पडली. घरगुती शिवणयंत्राला साधारण 100 वॅट लागतात, इस्त्रीला 1000. तुकडे जोडायचे तर प्रत्येक शिवण इस्त्रीने बसवावीच लागते, त्यामुळे इस्त्र्या बंद म्हणजे काम बंद. मालक फोन उचलेना.

तेव्हा बंगला सांभाळणाऱ्या दादांची आई ओसरीवर आली. तिने जुनी साडी अंथरली, वर धडुती पसरली, वरून दुसरी साडी घातली आणि चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. कडेने धावदोरा घालत आत येत गेली. प्रत्येक ओळीआधी डावा तळवा कापडाखाली सरकवायची, कुठे चुणी पडली का ते चाचपायची, मगच सुई. पट्टी नाही, खडू नाही, तरी टाके एकसारखे. सगळ्या बायका मशीन सोडून तिच्याभोवती बसल्या आणि संध्याकाळपर्यंत उठल्या नाहीत.

रविवारी आम्ही तिला शिक्षिकेचं मानधन दिलं, मैत्रीण घेते तेवढंच. नणंदबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अगं, चहापाण्याचे द्यायचे, हे तर त्यांचं घरचंच काम." मला ते तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. मशीनवर शिकवणारीला फी आणि सुईवर शिकवणारीला चहापाणी, हा कुठला न्याय?

आता तुमचं. फी भरण्याआधी विचारा की इस्त्र्यांना वेगळी लाइन आहे का, टेबलं जेवणाची आहेत की कापड कापायच्या उंचीची, आणि शिकवणाऱ्याला पैसे किती मिळतात. शेवटच्या प्रश्नाला आयोजक चाचरला तर जाऊ नका. सिद्दी (मूळच्या आफ्रिकी वंशाच्या) बायकांची, कोपऱ्यांवर कापडी फुलं लावलेली कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, कर्नाटकातल्या उत्तर कन्नडची आहे. ती "आपली पारंपरिक गोधडी" म्हणून खपवणाऱ्यांकडेही जाऊ नका. पावसाळ्यात तर नकोच, कर्जतच्या दमट हवेत कापूस सुकत नाही.

कापड घरी धुऊनच न्या, नाहीतर पहिल्या धुण्यात लाल रंग पांढऱ्यावर उतरतो. कडेपासून पाव इंचावरची शिवणही घरीच घटवा. 12 तुकड्यांच्या ओळीत 11 शिवणी येतात. प्रत्येक शिवण 1 मिलिमीटर जास्त आत गेली की दोन्ही बाजू धरून ओळ 22 मिलिमीटर आखूड होते, आणि मग शेजारची ओळ जुळत नाही.

नुसती मशीन शिकायची असेल तर दादरचा एखादा क्लास पुरे, कर्जतचा खर्च करू नका. फी जास्त म्हणजे शिबिर चांगलं असंही नाही, काही ठिकाणी पैसे स्विमिंग पूलचेच असतात. गुडघे दुखत असतील तर आधी सांगा, हाताची गोधडी जमिनीवर बसूनच होते. मी स्वतः शिबिरं घेते, तेव्हा माझं मत त्या हिशेबाने घ्या.

पण आजीचं नाव पुढे करून घासाघीस करू नका. नणंदबाईंना आता गोधडी हवी आहे. मी त्यांना त्या ओसरीवरच्या मावशींचा नंबर दिलाय, दर मावशीच सांगतील.