माझी चिठ्ठी कधी वाचलीच जात नाही

प्रश्न : मी गेवराई तालुक्यातली. छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठात राज्यशास्त्रात एम. ए. करते, वसतिगृहात राहते. शहरात राजकारणावर, समाजावर व्याख्यान असलं की मैत्रिणीला ओढत घेऊन जाते. शेवटी प्रश्नांच्या चिठ्ठ्या मागवतात. दीड वर्षात अकरा चिठ्ठ्या दिल्या, एकही वाचली गेली नाही. माझे प्रश्न बावळट असतात का? उभं राहून विचारायचं तर पाय कापतात. वडील फोनवर म्हणतात, 'शिकायला गेलीस ना, मग पुढाऱ्यांच्या नादी कशाला लागायलीस?' (एक विद्यार्थिनी)

उत्तर : पोरी, तुझं पत्र नेमकं योग्य माणसाच्या हातात पडलं. चिठ्ठ्या गोळा करून चाळणारा आणि बाजूला सारणारा जो माणूस असतो ना, तो मी. म्हणजे होतो. कॉलेजात ग्रंथपाल होतो. कार्यक्रम कुणाचाही असो, 'लायब्ररीवाले मोकळेच असतात' असं धरून हे काम माझ्या गळ्यात पडायचं. अठ्ठावीस वर्षं केलं.

भाषण संपत आलं की तीस-चाळीस चिठ्ठ्या जमतात. अध्यक्ष घड्याळाकडे बघत असतात, वक्त्याला गाडी गाठायची असते, आभारवाल्याच्या हातात दोन पानी यादी असते. वाचायच्या पाच, फार तर सहा. मग मी गड्ड्या लावायचो. 'भाषण फार आवडलं, तरुणांना काय संदेश द्याल?' ही चिठ्ठी हमखास सगळ्यात वर, कारण तिचा त्रास कुणालाच नसतो. पाठपोट लिहिलेली आणि तरी प्रश्न न सापडणारी खाली. अक्षर लागत नाही ती तिच्याही खाली. उरली ती, जिच्यात नाव असतं : पुढाऱ्याचं, जातीचं, गावाचं, साखर कारखान्याचं. ती अध्यक्षांना दाखवायची. ते तोंडानं काही बोलत नसत, नुसती मान हलवत. मग ती माझ्या शर्टाच्या खिशात. तुझ्या अकरा चिठ्ठ्या कुठं गेल्या असतील? तुझ्या पत्राचा सूर बघता, मला वाटतं, कुणाच्या तरी खिशात.

अशीच खिशात गेलेली एक चिठ्ठी सांगतो. विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला २७ जुलै १९७८ ला, आणि मराठवाड्यात गावोगाव दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं पेटवली गेली. प्रत्यक्षात नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला, तेही नामविस्तार म्हणून, म्हणजे जुनं नाव ठेवून त्याला बाबासाहेबांचं जोडून. त्यानंतरच्या एका हिवाळ्यात औरंगपुऱ्याकडच्या एका सभागृहात व्याख्यान होतं, विषय 'सामाजिक सलोखा'. वक्ते वजनदार पुढारी. एक चिठ्ठी आली. वहीच्या कागदाचा चतकोर, निळी शाई, नुकतंच लिहायला शिकलेल्यासारखं अक्षर : 'साहेब, अठ्ठ्याहत्तरला आमची घरं जळाली त्या रात्री तुम्ही गावातच होते. त्या रात्रीचं सांगा.' अध्यक्षांनी मान हलवली. मी खिशात टाकली.

बाहेर स्कूटर काढत होतो तर एक म्हातारा समोर आला. धोतर, डोक्याला उपरणं. 'सर, आमची चिठ्ठी हाय का तुमच्यापाशी?'

'वेळ संपला, बाबा,' मी म्हणालो.

'बरं,' म्हणाला आणि गेला. दुसऱ्या दिवशी बायकोनं शर्ट धुवायला घेतला तर खिशातून निळा लगदा निघाला. त्यानंतरही मी बारा वर्षं चिठ्ठ्या गोळा केल्या, हेही लिहून टाकतो. नाहीतर तुला वाटायचं, त्या दिवशी माझे डोळे उघडले.

माझे वडील निजामाच्या राज्यात वाढले. तेव्हा 'गश्ती निशाण ५३' नावाचं फर्मान होतं. सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी. १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं, १९३८ ला औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजातल्या पोरांनी वंदे मातरम् म्हणायचा हट्ट धरला, हे सगळं त्यांच्या तोंडून ऐकत मोठा झालो. आणि शेवटी मीच व्यासपीठाच्या कडेला टेबल मांडून बसलो. चिठ्ठी म्हणजे आमची घरगुती गश्ती, दुसरं काय.

तेव्हा तू चिठ्ठी देऊ नकोस. माईक माग. पाय कापतात म्हणतेस, तर कापू दे. खुर्च्यांच्या रांगेत कुणाला दिसत नाहीत. सातव्या-आठव्या रांगेत, मधल्या वाटेच्या कडेची खुर्ची धर. सूत्रसंचालक 'आता प्रश्न...' एवढं म्हणाला की हात वर. पहिला प्रश्न विचारायला सगळे लाजतात, म्हणून तोच आपला. दुसऱ्यानंतर मग प्रश्न न विचारणारे काका उठतात, स्वतःचं भाषण करतात आणि तुझा नंबर जातो.

प्रश्न एका दमात संपेल एवढाच असावा आणि त्यात एक तारीख किंवा आकडा असावा. 'मराठवाड्याच्या विकासातल्या अनुशेषाबद्दल आपलं मत काय?' असं विचारलंस की वक्ता मराठवाडा महाराष्ट्रात यायचं ठरलं त्या १९५३ च्या नागपूर करारापासून सुरू करतो आणि टाळ्या घेऊन बसतो. त्यापेक्षा असं विचार : 'हा अनुशेष बघणाऱ्या वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. त्यावर तुम्ही सभागृहात कधी बोललात, कोणत्या अधिवेशनात?' उत्तर येईल, तेव्हा टाळेबंदी होती. खाली बसू नकोस. 'आणि टाळेबंदी उठल्यावर?' एवढे तीन शब्द आधीच पाठ करून ठेव.

आणि १४ जानेवारीला विद्यापीठ गेटवर जात असशीलच. एकाच रस्त्यावर वेगवेगळ्या पक्षांची, गटांची व्यासपीठं, खेड्यापाड्यांतून आलेली माणसं, पुस्तकांचे स्टॉल. एका मंचावर मन लागलं नाही की लोक उठून दुसऱ्यासमोर जातात. पुढाऱ्याला समोरची गर्दी हलताना दिसते. चिठ्ठीबिठ्ठी काही नाही तिथं.

वडिलांना सांग, पुढाऱ्यांच्या नादी लागलेली माणसं पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर बसतात. आपण सातव्या रांगेत आहोत.

प्रश्न : सेलूत आम्ही काही निवृत्त शिक्षक मिळून व्याख्यानमाला सुरू करायच्या विचारात आहोत. सात दिवस सात वक्ते अशी कल्पना आहे. काय काळजी घ्यावी?

उत्तर : सर, सातचे तीन करा. चौथ्या दिवशी मंडळींचेच घसे बसलेले असतात आणि समोर तुमचे जावई तेवढे उरतात.

तारीख सोयाबीनची काढणी आटोपल्यावर आणि दहावी-बारावीच्या परीक्षांआधी धरा, आणि लग्नाची तिथी बघून घ्या. मोठी तिथी असली तर बाबासाहेबांवरचं व्याख्यान असो की हवामानावरचं, माणूस पंगतीतच जाणार. शंभर माणसांचा अंदाज असेल तर सत्तर खुर्च्या मांडा, बाकीच्या भिंतीला रचून ठेवा. माणसं आली की उचलून आणता येतात, रिकाम्या खुर्च्या मात्र वक्त्याला दिसतात.

सत्कार एकच, वक्त्याचा. शाल-श्रीफळात चाळीस मिनिटं गेलेली मी इतक्या वेळा पाहिली आहेत की नारळ बघितला तरी झोप येते. मानधनाचं पाकीट भाषणाच्या आधी द्या. नंतर देऊ म्हटलं की खजिनदार नेमका गायब असतो, आणि वक्ता स्टेशनवर तुमच्याकडे बघत उभा.

पैसा एकाकडून घेऊ नका. दोनशे घरांतून शंभर-शंभर घ्या, पावती फाडा. निवडणूक जवळ आली की एक जण येईल आणि म्हणेल, 'सगळा खर्च माझा, फक्त मागं एक बॅनर लागू द्या.' मग चिठ्ठ्यांच्या टेबलावर माझ्यासारखा माणूस लागतो. वर वाचलंच असेल.

आणि प्रश्नांना अर्धा तास ठेवा, तो पत्रिकेत छापा. छापलं नाही की अध्यक्षांच्या समारोपात जातो.

प्रश्न : मुलगा संभाजीनगरला शिकतो. जिंतूरहून आम्ही पैसे पाठवतो. तो कॉलेजाकॉलेजात वादविवाद स्पर्धांना जातो आणि रोख बक्षिसं आणतो, मेसचं बिल त्यातूनच भरतो म्हणतो. पण एका स्पर्धेत आरक्षणाच्या बाजूनं बोलला, पुढच्याच आठवड्यात विरोधात. दोन्हीकडं बक्षीस! हा खोटं बोलायला शिकायलाय का?

उत्तर : दादा, अनुकूल-प्रतिकूल कुणी बोलायचं हे बहुतेक संघच आपसांत वाटून घेतो. पोरगा खेळात पाळी आली तशी बॅटिंग करतोय. दुसऱ्या बाजूचं म्हणणं जिंकण्याइतकं नीट मांडायचं तर आधी ते वाचावं लागतं. आमच्याकडे वर्षानुवर्षं एकाच बाजूनं बोलणारे पुढारी आहेत, त्यांनी दुसरी बाजू कधी वाचलेली दिसत नाही.

मला काळजी वेगळीच वाटते. ही मुलं परीक्षकाकडे बघून बोलतात. 'आदरणीय व्यासपीठ' पासून शेवटच्या शेरापर्यंत पाठ, आवाज कुठं चढवायचा तेही ठरलेलं, आणि सहा मिनिटांची घंटा झाली की खाली. समोरचा काय म्हणाला, हे ऐकायची गरजच पडत नाही. दिवाळीला घरी आला की रात्री जेवणं झाल्यावर त्याला ओट्यावर बसवा, शेजारच्या चार जणांना बोलवा, आणि आरक्षणावर त्याचं स्वतःचं काय म्हणणं आहे ते विचारा. घंटा वाजवू नका. मध्येमध्ये माणसं तोडतील, हसतील, एखादा चिडून उठून जाईल. तिथं किती टिकतो बघा. आणि त्या महिन्याचं मेसचं बिल तुम्हीच भरा.