रायझन ५ २६०० आणि जीटीएक्स १०५० टीआय: तीस हजारांत आधी काय बदलावं?

तुम्ही दिलेली माहिती अशी: रायझन ५ २६००, बी४५० मदरबोर्ड, ८ जीबी रॅमची एकच पट्टी (२६६६ च्या वेगाची), जीटीएक्स १०५० टीआय हे ग्राफिक्स कार्ड, साधी ४५० वॉटची एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा), १ टीबी हार्ड डिस्क आणि ७५ हर्ट्झचा फुल एचडी मॉनिटर. नवे गेम अडखळतात, दुकानदार मदरबोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही बदला म्हणतो, आणि खर्चायला तीस हजार आहेत.

मदरबोर्डला हात लावू नका. या मशीनमध्ये सगळ्यात मागे पडलंय ते ग्राफिक्स कार्ड. पण नवं कार्ड घालायचं तर आधी एसएमपीएस बदलावी लागेल, आणि त्याच्याही आधी रॅमची दुसरी पट्टी हवी. प्रोसेसर सगळ्यात शेवटी, आणि तोही याच बोर्डावर बसेल.

हे माझ्या शब्दावर मानू नका, आधी मोजून बघा. एमएसआय आफ्टरबर्नर फुकट मिळतं आणि कुठल्याही कंपनीच्या कार्डावर चालतं. त्याच्यासोबत येणारं रिव्हाट्युनरही टाका आणि खेळताना स्क्रीनच्या कोपऱ्यात एवढं दिसू द्या: कार्डाचा वापर, कार्डाची मेमरी, प्रत्येक थ्रेडचा (प्रोसेसरमधल्या कामाच्या एकेका रांगेचा) वापर वेगवेगळा, रॅम आणि फ्रेमटाइम (एका फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या एका चित्राला, लागणारा वेळ). व्ही-सिंक (फ्रेम्स मॉनिटरच्या वेगाशी बांधणारी सेटिंग) आणि फ्रेमची मर्यादा बंद ठेवा, नाहीतर सगळं निवांत चाललंय असं दिसेल. मग अर्धा तास नेहमीसारखं खेळा. जिथे अडखळतं त्या जागी मुद्दाम जा, गर्दीच्या चौकात गाडी घाला.

कार्डाचा वापर ९५ ते ९९ टक्क्यांवर चिकटून राहिला तर अडसर कार्डाचा आहे. तो ६०-७० वर घुटमळतोय आणि फ्रेम्सही कमी आहेत, तर कार्ड रिकामं बसून प्रोसेसरची वाट बघतंय. इथे बरेच जण फसतात: टास्क मॅनेजर प्रोसेसरचा वापर ३५ टक्के दाखवतो, मग प्रोसेसर ठीकच असणार असं वाटतं. तुमच्या प्रोसेसरला १२ थ्रेड आहेत. एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण आकड्यात तो जेमतेम ८ टक्के दिसतो, आणि गेमचा मुख्य भाग बहुतेक वेळा एका-दोन थ्रेडवरच चालतो. म्हणून आकडे वेगवेगळे बघायचे. अजून शंका असेल तर रिझोल्यूशन १२८० बाय ७२० वर आणा. फ्रेम्स भरपूर वाढल्या तर कार्ड कमी पडतंय. तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसर किंवा रॅम.

फ्रेमटाइमच्या रेषेवर सगळ्यात जास्त लक्ष द्या. ६० फ्रेम्स म्हणजे दर फ्रेमला १६.७ मिलिसेकंद. सरासरी ७० दिसते, पण मधूनच एखादी फ्रेम ८० मिलिसेकंद घेते, तेव्हा हाताला जो झटका जाणवतो तो सरासरीत कधीच दिसत नाही. असे उंच काटे बहुतेक वेळा रॅम भरल्यामुळे, कार्डाची मेमरी संपल्यामुळे किंवा गेम हार्ड डिस्कवर असल्यामुळे येतात. तुमच्याकडे तिन्ही कारणं हजर आहेत.

आता रॅम. विंडोज आणि ब्राउझर मिळूनच ८ जीबीतले तीन-चार जीबी खातात, उरलेल्यात नवा गेम मावत नाही. विंडोज मग जास्तीचा माल हार्ड डिस्कवर टाकतं आणि तिथून परत आणताना गेम थांबतो. शिवाय एकच पट्टी म्हणजे सिंगल चॅनेल, म्हणजे प्रोसेसर आणि रॅममधला रस्ता निम्माच उघडा. रायझनला हे फार जाणवतं. म्हणून ८ जीबीची दुसरी पट्टी घ्याच. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांपासून रॅमचे भाव चढलेत, त्यामुळे जुनी पट्टी काढून नवी जोडी घेण्याचा आग्रह मी धरणार नाही. नवी पट्टी ३२०० ची घ्या. आत्ता ती जुनीसोबत २६६६ वर चालेल, पुढे जुनी बदललीत की दोन्ही ३२०० वर जातील. बोर्डावर चार खाचा असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत पट्ट्या बसवा. मग बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, एक्सएमपी (पट्टीचा जाहीर वेग लावणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर महाग पट्टीसुद्धा तिच्या मूळ कमी वेगावरच चालत राहते. दोन वेगळ्या पट्ट्यांचं एक्सएमपीवर जमलं नाही आणि मशीन सुरूच होईना, तर एक्सएमपी बंद करून वेग हाताने २६६६ वर ठेवा. शेवटी सीपीयू-झेड या प्रोसेसर-रॅमची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बघा: चॅनेलपुढे ड्युअल किंवा २ × ६४ बिट दिसायला हवं. तिथे वेग १३३३ दिसला म्हणून घाबरू नका, डीडीआर रॅमचा तो आकडा निम्माच दाखवतात.

एसएमपीएसचा विषय लोक टाळतात, कारण तिथे घातलेल्या पैशांच्या फ्रेम्स दिसत नाहीत. कॅबिनेटचं झाकण उघडा आणि तिच्यावरचा स्टिकर वाचा. '४५० वॉट' हे ठळक अक्षर सोडून द्या. +१२ व्होल्टच्या रकान्याखाली किती अँपिअर लिहिलेत ते बघा, कारण प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही तिथूनच जेवतात. स्वस्त एसएमपीएसवर तिथे १८ सापडतात. १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॉट. बाकीचे वॉट ३.३ आणि ५ व्होल्टवर दाखवलेले असतात, गेमिंगमध्ये त्यांचा उपयोग जवळजवळ नाही. आता मागणी मोजा. मी सुचवणार आहे त्या आरएक्स ६६०० ला १३२ वॉट, २६०० ला भार असताना ८०-९०, पंखे-डिस्क-बोर्ड मिळून ४०-५०. झाले साधारण २७०. २१६ वॉटची एसएमपीएस इथे हात टेकते: ऐन लढाईत स्क्रीन काळी, मशीन रिस्टार्ट, आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ (मशीन अचानक बंद पडल्याची) ही नोंद. लोक मग कार्ड खराब निघालं म्हणून दुकानात परत नेतात.

८० प्लस ब्राँझची (वीज किती कमी वाया जाते याचं मानांकन) चांगल्या कंपनीची ५५० वॉटची एसएमपीएस चार-पाच हजारांत येते आणि वॉरंटी पाच वर्षांची मिळू शकते, तेवढी बघूनच घ्या. तिच्यासोबत आलेल्याच वायरी वापरा. मॉड्युलर (वायरी सुट्या निघणाऱ्या) एसएमपीएसच्या वायरी दिसायला सारख्या असतात, पण एसएमपीएसच्या बाजूची पिनांची मांडणी कंपनीगणिक बदलते. चुकीची वायर लागली की डिस्क किंवा बोर्ड जळतो. आणि जुन्या चार पिनांच्या मोलेक्सवरून कार्डाची ८ पिनांची वायर करणारा जोड कोणी फुकट दिला तरी घेऊ नका. ८ पिनांच्या वायरीतून १५० वॉट अपेक्षित असतात, मोलेक्सची वायर त्यासाठी केलेली नाही, ती तापते आणि प्लॅस्टिक वितळतं.

कार्डासाठी बजेटचा साधारण दोन तृतीयांश भाग ठेवा. १०५० टीआय २०१६ मधलं, ४ जीबी मेमरीचं. आजच्या गेममध्ये ती मेमरी भरते आणि उरलेलं कार्ड रॅममध्ये टाकतं. टास्क मॅनेजरमध्ये शेअर्ड जीपीयू मेमरीचा आकडा चढताना तुम्हाला दिसेल. फुल एचडी आणि ७५ हर्ट्झसाठी ८ जीबीचं आरएक्स ६६०० पुरेसं आहे. त्याहून मोठं कार्ड या मॉनिटरवर वाया जाईल आणि तुमचा प्रोसेसरही त्याला पुरणार नाही. ३ डी एडिटिंग किंवा ब्लेंडरचं काम करत असाल तर मात्र एनव्हिडियाचं १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० बघा. त्याला १७० वॉट लागतात, ५५० ची एसएमपीएस तेही सांभाळते.

आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त मिळालं तरी तुमच्या बोर्डासाठी घेऊ नका. त्याला पीसीआयईच्या (कार्ड आणि बोर्डामधल्या रस्त्याच्या) चारच लेन आहेत आणि ते पीसीआयई ४.० धरून बनवलंय. बी४५० वर ३.० मिळतं, म्हणजे रस्ता निम्मा. वर मेमरीही ४ जीबीच, त्यामुळे ती भरली की त्याच अरुंद रस्त्यावरून सगळी ये-जा. आरएक्स ६६०० ला आठ लेन आणि ८ जीबी आहेत, तिथे ३.० चा फटका किरकोळ आहे.

सेकंडहँड घेणार असाल, मग ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून असो की ओळखीतून, समोर चालवून घ्या. जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून शेडरची (कार्डातल्या गणित करणाऱ्या भागांची) संख्या आणि मेमरी खऱ्या मॉडेलशी ताडून बघा, कारण जुन्या कार्डाचा बायोस बदलून नवं नाव दाखवणारी कार्डं बाजारात फिरतात. किमान २० मिनिटं भार देऊन चालवा, पंख्यांचा आवाज ऐका, पडद्यावर ठिपके किंवा रेघा येतात का बघा. मूळ बिल आणि कार्डावरचा सिरीयल नंबर जुळत नसेल तर वॉरंटी गेली असं समजून भाव करा.

घालण्याआधी कॅबिनेटमधली जागा फूटपट्टीने मोजा. तुम्ही एनव्हिडियावरून एएमडीवर जाताय, म्हणून डीडीयू नावाचं छोटं सॉफ्टवेअर सेफ मोडमध्ये चालवून जुना ड्रायव्हर काढा, मशीन बंद करा, मगच कार्ड बदला. जुनं कार्ड ओढताना खाचेच्या टोकाची खिट्टी आधी दाबा, ती तुटली तर पुन्हा बसत नाही.

एसएसडीने (हार्ड डिस्कच्या जागी येणाऱ्या वेगवान डिस्कने) फ्रेम्स वाढणार नाहीत, पण अडखळणं कमी होईल, आणि स्टारफिल्डसारख्या गेमची तर किमान गरजच एसएसडी आहे. हार्ड डिस्क सेकंदाला १००-१५० एमबी देते, साटा एसएसडी ५५० च्या आसपास, तुमच्या बोर्डाच्या एम.२ खाचेतली एनव्हीएमई ३५०० पर्यंत. तरीही साटा आणि एनव्हीएमईमधला फरक बऱ्याच गेममध्ये एक-दोन सेकंदांचाच असतो, तेव्हा जी स्वस्त मिळेल ती ५०० जीबीची घ्या. काही बोर्डांवर एम.२ वापरली की दोन साटा पोर्ट बंद होतात. एसएसडी लावल्यावर हार्ड डिस्क दिसेनाशी झाली तर वायर दुसऱ्या पोर्टला लावून बघा. बजेट ताणलं जात असेल तर ही खरेदी दोन महिने पुढे ढकला, एसएमपीएस मात्र ढकलू नका.

उन्हाळ्याचं एक बघून ठेवा. समोर सपाट काच असलेल्या कॅबिनेटमध्ये हवा कोंडते. बाजूचं झाकण काढून तेवढाच वेळ खेळा. कार्डाचं तापमान ८-१० अंशांनी उतरलं तर समोर १२० मिलिमीटरचे दोन पंखे लावा, पाण्याच्या कूलरवर पैसे घालू नका.

आणि प्रोसेसर. कार्ड बदलल्यावर पुन्हा मोजा. व्हॅलोरंटसारख्या गेममध्ये कार्ड रिकामं बसलेलं दिसलं, किंवा पुढे १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतलात, तर रायझन ५ ५६०० घ्या. त्याला ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) आहे. ५५०० चं नाव जवळचं असलं तरी त्याची कॅश निम्मी आहे, गेमिंगमध्ये ते दिसतं. जुना प्रोसेसर बसलेला असतानाच बायोस अपडेट करा, तुमच्या बोर्डाच्या नेमक्या मॉडेलची फाइल एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर घेऊन. काही बोर्डांना आधी मधली एखादी आवृत्ती टाकावी लागते, ती सूचना कंपनीच्या पानावर फाइलखालीच असते. मध्येच लाईट गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, म्हणून मशीन यूपीएसवर ठेवा.

कूलर काढण्याआधी गेम लावून मशीन दहा मिनिटं तापवा, मग बंद करून, वायर काढून लगेच स्क्रू सोडा. थंड झालेली थर्मल पेस्ट डिंकासारखी धरते. कूलर सरळ वर ओढला तर खिट्टी बंद असतानाही प्रोसेसर त्याला चिकटून सॉकेटमधून उपटला जातो आणि पिना वाकतात. म्हणून कूलर आधी डावीकडे-उजवीकडे हलकेच फिरवायचा, सुटल्याचं हाताला कळलं की मग उचलायचा. नवा प्रोसेसर घालून मशीन सुरू केल्यावर एफटीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारा प्रोसेसरमधला भाग) रीसेट करायचं का, असा प्रश्न काळ्या स्क्रीनवर येतो. विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आदल्या दिवशीच कागदावर उतरवून ठेवा, मगच तिथे वाय दाबा.