दोन चाकी ट्रॉली मागे घेताना दर वेळी आडवी का होते?

तुमचा प्रश्न असा: ट्रॅक्टर नवा, ट्रॉली दोन चाकी, कळमेश्वरकडच्या वावरातून संत्र्याचे क्रेट आणायचे आणि अरुंद पांदणीतून उजवीकडच्या दहा फुटी फाटकात ट्रॉली मागे घालायची. पण ती दर वेळी दुमडते, म्हणजे ट्रॅक्टरशी घडी होऊन आडवी होते. चूक ट्रॅक्टरची की स्टिअरिंगची?

ट्रॅक्टरची तर नाहीच. स्टिअरिंगची निम्मी. उरलेली निम्मी चूक रिव्हर्स टाकायच्या आधीच होऊन गेलेली असते, ट्रॅक्टर भलत्या जागी उभा राहिल्यामुळे. म्हणून आधी जागेचं बघू.

फाटकासमोरच्या वावरात उतरायला वाट असेल तर डोकं चालवायचं कामच नाही. मालकाला विचारा, ट्रॅक्टर-ट्रॉली दोन्ही सरळ त्या वाटेत घाला आणि सरळ रेषेत मागे या. दोन्हीची मिळून लांबी पंचवीस ते तीस फूट धरा, तेवढी जागा समोर हवी. पावसाळ्यात मात्र काळ्या मातीत उतरू नका. भरलेली ट्रॉली रुतली की ओढायला दुसरा ट्रॅक्टर आणावा लागतो.

तशी वाट नसेल तर फाटक ओलांडून पुढे जा, पांदणीच्या डाव्या कडेला जा आणि ट्रॅक्टरचं तोंड जमेल तेवढं डावीकडे वळवून थांबा. ट्रॉलीचं बूड, म्हणजे मागचं टोक, आपोआप फाटकाकडे तिरपं होतं. पूर्ण काटकोन वळवायच्या ऐवजी निम्माच वळवावा लागतो. बहुतेक जण हेच टाळतात. धुऱ्याला, म्हणजे बांधाला, समांतर उभे राहतात आणि सगळं वळण रिव्हर्समध्ये काढायला जातात.

आता स्टिअरिंग. हात चाकाच्या वर नको, तळाशी धरा. ट्रॉलीचं बूड ट्रॅक्टरच्या ज्या बाजूला न्यायचं, त्या बाजूला हात सरकवा. उजवीकडे न्यायचं तर तळाचा हात उजवीकडे, म्हणजे स्टिअरिंग डावीकडे फिरतं आणि बूड उजवीकडे जातं. फक्त एक घोळ लक्षात ठेवा. मान वळवून मागे बघताना तुमच्या डोळ्यांची उजवी-डावी उलटते. म्हणून डावं-उजवं न म्हणता त्या बाजूला जे असेल त्याचं नाव घ्या, जसं ‘कोठ्याकडे’ (गोठ्याकडे) आणि ‘विहिरीकडे’ असं मनात म्हणा. खाली उभा राहून खुणा करणाऱ्या माणसालाही तेच शब्द द्या, म्हणजे ‘डावी कोणाची, तुझी की माझी’ हा वाद होत नाही.

वळण तीन टप्प्यांत होतं. ट्रॉलीचं चाक फाटकाच्या जवळच्या, म्हणजे ट्रॅक्टरकडच्या, खांबाच्या चार-पाच फूट अलीकडे असतानाच स्टिअरिंग डावीकडे फिरवा, कारण कोन धरायला ट्रॉली थोडं अंतर खाते. कोन धरला की लगेच चाकं सरळ करा. मग तिसरी गोष्ट, जी नवशिक्याला सुचत नाही: आता स्टिअरिंग उजवीकडे, म्हणजे ट्रॅक्टर ट्रॉलीच्या मागोमाग वळेल. हे केलं नाही तर कोन वाढतच जातो आणि ट्रॉली दुमडते. तुमच्याकडे नेमकं हेच होत असणार. मागचं मोठं टायर आणि ट्रॉलीचा पुढचा कोपरा यांच्यात एक हात अंतर उरलं की थांबा. तिथून स्टिअरिंगने काही सुधारत नाही. पुढे जा, सरळ व्हा, परत या. पुढे जाण्यात कमीपणा नाही; नागपूरच्या कळमना बाजाराच्या यार्डातले मुरलेले ड्रायव्हरही दोन-तीनदा पुढे-मागे करतात.

खांब दोन, धोके वेगळे. वळण लवकर घेतलं तर ट्रॉलीचं आतलं चाक जवळच्या खांबाला घासतं. उशिरा घेतलं तर मागचा कोपरा लांबच्या खांबावर बसतो. खालचा माणूस म्हणूनच लांबच्या खांबापाशी, तुम्हाला दिसेल असा उभा करा. जवळचं चाक तुम्हाला स्वतःला दिसतं. ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मध्ये, किंवा ट्रॉली आणि भिंतीच्या मध्ये कोणीही उभं राहायचं नाही. इंजिनाच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, तेव्हा खुणा आधी ठरवा. एसटीच्या घंटीसारखं ठेवलं तर सगळ्यांना पाठ असतं: पत्र्यावर एक ठोका थांब, दोन ठोके चल. माणूस नजरेआड झाला की ठोक्याची वाट न बघता थांबा.

एकदा सरळ रेषेत आलात की नियम एकच: ट्रॉली ज्या बाजूला जास्त दिसायला लागते, त्या बाजूला स्टिअरिंग जरासं द्या आणि लगेच परत आणा. जरासं म्हणजे एक वीत. बूड दोन फूट सरकल्यावर सुधारायला गेलात तर उशीर झालेला असतो.

वेग लो रिव्हर्सचा, म्हणजे सगळ्यात हळू रिव्हर्स गिअरचा, चालत्या माणसाच्या निम्मा. गिअर टाकून क्लच पूर्ण सोडा, हाताचा थ्रॉटल कमी ठेवा. हाफ क्लचवर रांगवत राहिलात तर क्लच प्लेट जळते. डाव्या-उजव्या ब्रेकचे पेडल पट्टीने एकत्र अडकवलेले हवेत. नांगरताना एका ब्रेकवर वळायची सवय असते, पण भरलेली ट्रॉली मागे असताना एकच ब्रेक दाबला तर ट्रॅक्टर झटक्यात फिरतो. आणि ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील तर उतारावर ती ट्रॅक्टरला खाली ओढणारच, म्हणून उताराकडे मागे जाताना गिअर काढू नका.

ओझं कुठे ठेवलंय यावरही खूप अवलंबून आहे. दोन चाकी ट्रॉलीत वजन चाकांच्या थोडं पुढे हवं. सगळे क्रेट मागे लादले तर दांडी (ट्रॉलीचा ट्रॅक्टरला अडकणारा पुढचा दांडा) हुकातून वर उचलू बघते, ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात आणि घसरतात. फार पुढे लादले तर ट्रॅक्टरचं तोंड हलकं होऊन स्टिअरिंग ऐकत नाही.

लांबीबद्दल एक उलटं वाटणारं सांगतो. ट्रॉली आखूड म्हणजे सोपी, असं नाही. आखूड ट्रॉली झटकन वळते आणि झटकन दुमडते. पाण्याचा छोटा टँकर मागे घेणं दहा-बारा फुटी ट्रॉलीपेक्षा अवघड. चार चाकी ट्रॉलीच्या पुढच्या चाकांना स्वतःचा फिरता सांधा असतो. म्हणजे दोन ठिकाणी वळण, आणि सुरुवातीचं स्टिअरिंगही उलटं न देता बूड न्यायचं त्याच बाजूला. ती आत्ता शिकू नका.

ट्रॅक्टरच्या पुढच्या बंपरला हुक असेल तर आणखी एक सोय आहे. रिकामी ट्रॉली पुढे अडकवून समोर बघत ढकला. दिशेचा नियम तोच राहतो, फक्त ट्रॉली जास्त चपळ होते, पण सगळं डोळ्यांसमोर असतं. भरलेली ट्रॉली मात्र पुढे अडकवू नका, पुढच्या एक्सलवर नको तेवढा भार येतो.

जागेवर आल्यावर घाई करू नका. आधी ट्रॉलीच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे. मग दांडीखालचा जॅक, खाली फळी ठेवून, नाहीतर तो मातीत घुसतो. पिन काढायच्या आधी खात्री करा की ओझं चाकांच्या मागे गेलेलं नाही. अर्धी ट्रॉली पुढून रिकामी केली आणि पिन काढली, तर दांडी एकदम वर उसळते. हनुवटीला लागली तर जबडा जातो. पिन अडकली असेल तर हातोडा मारू नका. ट्रॅक्टर इंचभर पुढे-मागे करा, ताण सुटतो आणि ती हाताने निघते. हायड्रॉलिक ट्रॉली असेल तर पाइप काढायच्या आधी ट्रॉली खाली बसवा, लिव्हर खाली आणि इंजिन बंद. माल ओतायला ट्रॉली उचलायची तर ट्रॅक्टर आणि ट्रॉली एका रेषेत, जमीन सपाट, आणि आधी वर बघा: गोडाऊनच्या छपराच्या कैच्या आणि फाटकावरून गेलेली विजेची तार.

सराव पीक निघालेल्या कोरड्या वावरात करा. विटा रचून दहा फुटी फाटक मांडा, ट्रॉली रिकामी ठेवा. पहिल्या दिवशी वळणाच्या नादी न लागता फक्त सरळ शंभर फूट मागे या. ते जमलं की वीट हलवून फाटक आठ फुटांवर आणा, मग उजवं वळण घ्या. डावं नंतर.