पाच जणांचे तीन तास

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दिवसभर नोकरी, आठवड्यातून दोन संध्याकाळी तालीम, महिन्याकाठी दोन कार्यक्रम, आणि एवढं करून बँड आहे तिथेच आहे, म्हणून राजीनामा द्यावा का, असा तुझा प्रश्न आहे. उत्तर आधीच देऊन टाकतो: आत्ता देऊ नकोस. वेळ कमी पडतोय हे खरंच आहे. पण तुम्ही पाच जण जो वेळ एकत्र काढता त्यातला बराचसा असा जातो की त्याचं संगीतात काहीच होत नाही, आणि ती सवय न मोडता नोकरी सोडली तर तसाच वाया जाणारा वेळ फक्त वाढेल.

अमेरिकी गायक बिल विदर्सचा पहिला अल्बम 1971 मध्ये आला. त्याचं काम चालू होतं तेव्हा विदर्स विमानांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होता. त्या अल्बमच्या मुखपृष्ठावर तो हातात जेवणाचा डबा घेऊन उभा आहे. संगीताच्या धंद्याचा भरवसा नाही, हे त्याला नीट कळत होतं. दर महिन्याच्या पगारामुळे तुमच्या बँडला एक फार मोठी गोष्ट मिळते: न पटणाऱ्या कार्यक्रमाला नाही म्हणता येतं. ती सहजासहजी घालवू नका.

आता तालमीचा हिशोब कर. पाच माणसं, तीन तास, म्हणजे 15 तास झाले, शिवाय प्रत्येकाचा येण्याजाण्याचा वेळ. तुमच्याकडे याहून महाग काही नाही, तुझी गिटारसुद्धा नाही. म्हणून एकच नियम पाळा: जे एकट्याला घरी करता येतं ते तालमीत करायचं नाही. कॉर्ड पाठ करणं, शब्द पाठ करणं, सोलो बसवणं, तारा बदलणं, पुढच्या कार्यक्रमाची तारीख ठरवणं, हे सगळं घरी किंवा फोनवर. नवीन गाण्याचा कच्चा आराखडा, म्हणजे एक गिटार, एक आवाज आणि लय मिनिटाला किती ठोके ते, तालमीच्या निदान चार दिवस आधी सगळ्यांकडे गेलाच पाहिजे. नाही गेला तर त्या दिवशी ते गाणं घ्यायचं नाही. पहिल्यांदा हे कठोर वाटेल. दोनदा पाळलंत की आराखडे आपोआप वेळेवर येऊ लागतील.

एकत्र बसून करायचं काम म्हणजे सांधे. गाणं कडव्याच्या मधोमध क्वचितच घसरतं. ते घसरतं कडवं संपून ध्रुवपद सुरू होतं तिथे, मधल्या संगीतातून परत येताना आणि शेवटाला. तुम्ही करता काय, तर चूक झाली की पूर्ण गाणं पहिल्यापासून वाजवता. म्हणजे चार मिनिटांत त्या सांध्याची मेहनत होते जेमतेम आठ सेकंद. त्याऐवजी कडव्याचे शेवटचे दोन बार (एक बार म्हणजे चार मात्रांचा एक गट) आणि ध्रुवपदाचे पहिले दोन बार, एवढेच चार बार न थांबता आठ वेळा वाजवा. पहिल्या चार फेऱ्यांत गायकाने गायचं नाही, फक्त ऐकायचं. मग गाणं एकदा सलग. मेट्रोनोम, म्हणजे लयीचे ठोके देणारं यंत्र, प्रत्येक मात्रेला लावू नका, बारच्या पहिल्या मात्रेवर एकच ठोका ठेवा. प्रत्येक मात्रेला टिकटिक असली की माणूस तिच्यावर रेलून वाजवतो. एकच ठोका असला की मधल्या तीन मात्रा स्वतःला सांभाळाव्या लागतात, आणि ध्रुवपद आल्यावर लय 96 वरून 101 वर जाते ती तिथेच पकडली जाते.

प्रत्येक तालीम फोनवर रेकॉर्ड करा, पण फोन अँपवर, म्हणजे वाद्याचा आवाज वाढवणाऱ्या पेटीवर, ठेवू नका. दोन-तीन मीटर लांब, कानाच्या उंचीवर. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाता-येता ऐक आणि तीनच नोंदी लिही, मिनिट-सेकंदासह: "2:14, बास एक मात्रा आधी." वीस नोंदी पाठवल्या तर कुणी वाचत नाही. तीन पाठवल्या तर पुढच्या तालमीआधी दुरुस्त होतात.

आवाजाच्या पातळीबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस, म्हणून मला काळजी वाटते. लहान खोलीत ड्रमर जोरात वाजवतो, त्यावर गिटारवाला अँप चढवतो, मग गायक ओरडतो, आणि तिसऱ्या तासाला कुणालाच काही ऐकू येत नाही. नायॉश या अमेरिकी संस्थेची कामाच्या ठिकाणची शिफारस 85 डेसिबलला आठ तास अशी आहे, आणि दर 3 डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो. म्हणजे 94 ला एक तास आणि 100 ला पंधरा मिनिटं. खोलीतल्या तालमी या आकड्यांच्या वर सहज जातात. उलट्या बाजूने सुरुवात करा: गायकाचा आवाज स्पीकरने शिट्टी न मारता जेवढा वाढवता येतो तेवढाच ठेवा आणि बाकी सगळे त्याच्या खाली वाजवा. ड्रमरला काठ्यांऐवजी ब्रश किंवा काड्यांच्या जुड्या द्या. तुमच्या संगीताला तसंही तेच शोभतं. संगीतकारांसाठीचे इअरप्लग सगळ्यांनी वापरा, आजपासून. कानात शीळ घुमू लागली की ती नेहमी परत जातेच असं नाही.

गाण्याची पट्टी ठरवताना तुम्ही सुट्टीच्या दिवशी सकाळी बसता, असं तुझ्या पत्रावरून दिसतं. तिथेच घोटाळा आहे. कार्यक्रम असतो रात्री नऊला, दिवसभर फोनवर आणि मीटिंगमध्ये बोलून झाल्यावर. त्या गळ्याला सकाळची पट्टी अर्ध्या स्वराने, कधी पूर्ण स्वराने चढते. म्हणून पट्टी कामाच्या दिवशी, तालमीच्या शेवटच्या अर्ध्या तासात ठरवायची. ध्रुवपदातला सर्वात वरचा स्वर तेव्हा लागोपाठ तीन वेळा न ताणता लागला तर ती पट्टी खरी. खाली उतरवल्याने मोकळ्या तारांची झणझण जाते अशी तक्रार गिटारवाला करेल. त्यावर उपाय कॅपो, म्हणजे गिटारच्या मानेवर सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा: खालच्या पट्टीचे मोकळे आकार शोधा, कॅपो पडद्याच्या अगदी मागे लावा आणि लावल्यावर पुन्हा सूर मिळवा, कारण कॅपोच्या दाबाने तारा किंचित चढतात. कार्यक्रमाच्या आदल्या रात्री गाऊन तालीम नको. वाद्यांची घ्या, हवं तर.

वाद्यांकडे येतो, कारण तुमच्यासारख्या अकूस्टिक वाद्यांच्या बँडची निम्मी फजिती तिथेच होते. मंचावरच्या अकूस्टिक गिटार आणि मँडोलिन यांत घोडीपाशी बहुधा पिएझो पिकअप असतो, म्हणजे थरथर पकडून तिचा विजेचा सिग्नल करणारी पट्टी. प्रीअँप (हा सिग्नल आधी वाढवणारं छोटं सर्किट) नसलेला पिएझो मिक्सरच्या (सगळे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्राच्या) साध्या लाइन इनपुटमध्ये थेट लावला की आवाज पातळ, पत्र्यासारखा येतो, कारण त्या इनपुटचा इम्पीडन्स, म्हणजे सिग्नलला होणारा अडथळा, कमी असतो आणि खालचे स्वर तिथेच गळतात. निदान 1 मेगाओम इम्पीडन्सचा इनपुट असलेला स्वतःचा डीआय बॉक्स, म्हणजे वाद्याचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी छोटी पेटी, बाळगा. कार्यक्रमाच्या ठिकाणी मिळेल म्हणून विसंबू नका. तुझ्या गिटारमध्ये प्रीअँप आहे, म्हणजे 9 व्होल्टची बॅटरी आहे. बहुतेक गिटारींत जॅक आत असेपर्यंत प्रीअँप चालूच राहतो. तालीम संपली, गप्पा झाल्या, केबल तशीच राहिली, आणि काही दिवसांनी मंचावर जोरात स्ट्रम केलं की आवाज फाटतो. सगळे केबलला दोष देतात, तीन केबली बदलून बघतात. बिघाड बॅटरीत असतो. बॅटरीवर कागदी चिकटपट्टी लाव, त्यावर बसवल्याची तारीख लिही, आणि महत्त्वाच्या कार्यक्रमाआधी नवी घाल. दुसरी केसमध्ये ठेव.

अकूस्टिक गिटार मंचावर घोंघावते तिचं कारण वेगळं आहे. तिच्या पोटातली हवा साधारण 100 हर्ट्झच्या आसपास घुमते, आणि मॉनिटरमधून, म्हणजे वाजवणाऱ्यांना ऐकू यावं म्हणून मंचावर ठेवलेल्या स्पीकरमधून, तोच स्वर परत आला की ती स्वतःच वाजू लागते. आवाजाच्या भोकाला रबरी झाकण लाव आणि साउंडवाल्याला मॉनिटरमध्ये 100 च्या आसपासचं कमी करायला सांग. गाण्याचा माइक शिट्टी मारत असेल तर आधी गायकाचा हात बघ. माइकची जाळी मुठीत धरली की माइक मागूनही आवाज घेऊ लागतो. शुअर एसएम-58 सारखा कार्डिऑइड माइक (समोरचं घेणारा, मागचं टाळणारा) असेल तर मॉनिटर त्याच्या बरोबर मागे, सुपरकार्डिऑइड (त्याहून अरुंद दिशेचं घेणारा) असेल तर मागे पण बाजूला सरकवून, कारण त्याची बहिरी दिशा तिथे असते.

मिक्सरमधून सतत गुरगुर येत असेल तर अँप आणि मिक्सर वेगवेगळ्या वीजजोडण्यांवर असण्याची शक्यता मोठी. दोन्ही एकाच ठिकाणाहून घ्या, किंवा डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे सिग्नलच्या केबलमधली ग्राउंडची जोडणी तोडणारं, बटण दाबा. प्लगची अर्थिंगची पिन काढण्याचा सल्ला कुणीही दिला तरी ती काढू नका. गुरगुर जाते, पण गिटार हातात आणि ओठ माइकला असताना विजेचा धक्का बसून माणूस जाऊ शकतो.

तारा कार्यक्रमाच्या दिवशी बदलू नको. दोन दिवस आधी बदल, प्रत्येक तार बोटाने हलकेच उचलून ताण, सूर मिळव, पुन्हा ताण. नव्या तारा उतरत राहतात, आणि त्या उतरतात बरोबर दुसऱ्या गाण्यात.

अनेक बँड एकाच रात्री असले की मंचावर आवाज तपासायला हातात पंधरा मिनिटं मिळतात, कधी तेवढीही नाहीत. त्यासाठी चॅनेलची यादी, म्हणजे मिक्सरला काय काय जोडायचं ते, साउंडवाल्याला आधीच पाठवा. तुमची अशी होईल: ड्रम्सचे चार माइक, बास, गिटार, मँडोलिन आणि तीन गळे, एकूण दहा. प्रत्येकी एक मिनिट धरलं तर उरलेल्या पाच मिनिटांत गाण्याचा एक तुकडा वाजवून बघता येतो. तो तुकडा सर्वात जोरकस ध्रुवपदाचा घ्या. शांत गाणं घेऊन पातळी बसवली की खरा जोर सुरू झाल्यावर आवाज फाटतो. कार्यक्रमाच्या 45 मिनिटांत तुमची दहा गाणी बसतात: सरासरी 3 मिनिटं 40 सेकंदांप्रमाणे सुमारे 37 मिनिटं, मधल्या नऊ जागांना 40 सेकंद म्हणजे सहा. जी दोन मिनिटं उरतात ती तुटलेल्या तारेसाठी. वेगळ्या ट्यूनिंगची गाणी लागोपाठ ठेवा, नाहीतर लोक तुमचे सूर लावणंच ऐकत बसतात.

आता नोकरीची बाजू. नेमणुकीचं पत्र काढ आणि दोन कलमं वाच: बाहेरच्या कमाईबद्दलचं आणि नोकरीच्या काळात तयार केलेल्या गोष्टींच्या मालकीबद्दलचं. दुसरं काही ठिकाणी फार सैल शब्दांत लिहिलेलं असतं. शंका वाटली तर एचआरला लेखी विचार आणि लेखीच उत्तर घे. ऑफिसच्या लॅपटॉपवर एकही गाणं रेकॉर्ड करू नको, ऑफिसच्या मेलवरून एकही कार्यक्रम ठरवू नको. आजारपणाची रजा टाकून कार्यक्रम करायचा नाही. विश्वास एकदा गेला की खऱ्या तापातही कुणाला खरं वाटत नाही. वर्षाच्या सुरुवातीला पाचही जणांच्या शिल्लक रजा एका तक्त्यात मांडा आणि ज्याच्या सर्वात कमी आहेत त्याच्या आकड्यावर बाहेरगावच्या कार्यक्रमांची मर्यादा ठरवा. असं केलं नाही तर दर वेळी तोच एकटा नाही म्हणतो आणि हळूहळू बँडमध्ये परका होतो. तुमच्यात तो कोण आहे हे तुला माहीत आहे.

कामाच्या दिवशी कार्यक्रम घेतलात तर रजा दुसऱ्या दिवशीच्या सकाळची टाक, त्या दुपारची नव्हे. मंचावरून उतरल्यावर अंगातली तरतरी लगेच ओसरत नाही, झोप उशिराच लागते. आणि गाडी कोण चालवणार हे निघण्याआधी ठरवा. सकाळी सहाला उठलेला माणूस रात्री अकराला 17 तास जागा असतो, आणि तेवढ्या जागरणाने हातपाय आणि डोकं रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असल्याइतकं मंदावतं, हे 1997 मध्ये प्रयोगात मोजलेलं आहे. चालवणाऱ्याने न पिणं एवढं पुरत नाही. त्याने दुपारी झोपलेलं असलं पाहिजे, नाहीतर मुक्काम करा.

पैशांचं थोडक्यात. प्रवास आणि भाड्याच्या सामानाचा खर्च आधी वजा, उरलेल्याचे सहा वाटे: पाच तुमचे, सहावा बँडचा. केबली, रेकॉर्डिंग, दुरुस्ती त्या सहाव्यातून. गाण्याचे हक्क मात्र वेगळे धरा. रचना ही एक मालमत्ता आणि तिचं रेकॉर्डिंग ही दुसरी, दोन्हींचे वाटे वेगळे असू शकतात. गाणं पूर्ण झालं त्याच रात्री शब्द कुणाचे, चाल कुणाची, किती टक्के हे कागदावर लिहून पाचही सह्या घ्या. मँडोलिनवरच्या त्या सुरुवातीच्या सुरावटीला रचनेत वाटा द्यायचा की नाही हा प्रश्न आज पाच मिनिटांत सुटतो. गाणं चाललं की तो सुटत नाही, बँड फुटतो.

आठवड्याचे कामाचे दिवस पाचावरून चार करण्याची विनंती ऑफिसला कधी करावी, असंही तू विचारलं आहेस. बँडचा सहावा वाटा सलग बारा महिने बँडचा सगळा खर्च भागवून शिल्लक पडला, आणि तुझ्या स्वतःच्या वाट्यातून दर आठवड्याच्या एका दिवसाचा पगार त्याच बारा महिन्यांत भरून निघाला, तर कर. त्याआधी करू नकोस.

तोवर एक काम. ते शेवटचं संथ गाणं आत्ताच्या पट्टीत आणि अर्धा स्वर खाली, दोन्ही प्रकारे गाऊन पाठव, कामाच्या दिवशी रात्री नऊनंतर रेकॉर्ड करून. कोणतं कुठल्या पट्टीत ते सांगू नको. दुसऱ्या कडव्यातला वरचा स्वर ऐकून मीच ओळखतो.

तुझा,
जुना वाटाड्या